मुंबई ते लंडन विमानाचं अंतर ७,२०० किलोमीटर की त्याहून जास्त?

तुम्ही विचारलंय की नेटवर ७,२०० किलोमीटर लिहिलेलं असताना विमानातल्या पडद्यावर साडेसात हजारांच्या पुढचा आकडा कसा दिसला. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

७,२०० (म्हणजे ४,४८० मैल) हे पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि हीथ्रो विमानतळांमधलं सगळ्यात कमी अंतर. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा. दोरा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड असा वर चढत जातो. आता या यादीकडे नीट पाहा. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना मनाई केली. मग वाट अरबी समुद्रावरून, आखात, तुर्कस्तान अशी खालून काढावी लागते. त्या बाजूला कुठे युद्ध पेटलं की तीही बदलते. त्यामुळे एकाच नंबरच्या विमानाचा आकडा रोज सारखा येईलच असं नाही.

गंमत म्हणजे शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबई-लंडन पट्टीने जोडलं, तर रेघ साधारण इराक-तुर्कस्तानवरूनच जाते. एरवी ती रेघ चुकीची म्हणून शिकवतात. पण हिशेब केला तर ती ७,४०० किलोमीटर भरते, म्हणजे दोनशेच जास्त! दिल्लीकरांना पाकिस्तान बंद असल्याचा जेवढा फटका बसतो, तेवढा आपल्याला बसत नाही.

हीथ्रोवर गर्दी असली तर लंडनजवळच्या बॉव्हिंग्डन किंवा बिगिन या ठिकाणांच्या वर घिरट्या घालाव्या लागतात, तीही थोडी भर.

पण माझ्या मते खरा खेळ वाऱ्याचा आहे. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा धरला, तर नऊ तासांत सातशेहून जास्त किलोमीटर वाऱ्यातच जातात. पडद्यावर ते दिसत नाहीत, इंधन मात्र तेवढं जळतं. म्हणूनच जाताना जास्त वेळ लागतो आणि परतीचा प्रवास बऱ्याचदा तासभर लवकर आटोपतो.

तरी तक्रार करू नये. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान, ‘मलबार प्रिन्सेस’, मुंबईहून निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं.

कोणाला आणायला विमानतळावर जायचं असेल, तर किलोमीटरवरून वेळ काढत बसू नका. त्याच नंबरचं विमान गेल्या आठवड्यात रोज किती वाजता उतरलं ते विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर बघा आणि सामान, इमिग्रेशनसाठी वर तासभर धरा.