खरबाचं मराठी खर्व नव्हे

इंदूरहून विचारणा आहे: हिंदी पेपरात ‘तीन खरब रुपये’ छापलं असेल तर मराठीत ‘तीन खर्व’ लिहावं का? आणि एवढ्या मोठ्या संख्येला ‘खर्व’, म्हणजे ठेंगू, हे नाव कसं?

लिहू नये. ‘करोड’चं कोटी झालं, ‘अरब’चं अब्ज झालं, दोन्ही बरोबर, मग त्याच झोकात ‘खरब’चं खर्व करतात आणि दहातले नऊ हिस्से गडप होतात. तीन खरब म्हणजे ३०,००० कोटी, तीन खर्व म्हणजे फक्त ३,००० कोटी.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातली (इ.स. ११५०) ओळ बोटांवर मोजा: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म. कोटीवर सात शून्यं, तर खर्वावर दहा. हिंदी खरबावर अकरा, म्हणजे तो आपला निखर्व. ताळा सोपा आहे: लाखाला लाखाने गुणलं की खर्व येतो, १०,००,००,००,०००.

आता खरी गंमत. यजुर्वेदात अर्बुदावर सात शून्यं आहेत, भास्कराचार्यांकडे आठ, आणि हिंदीत त्याचाच ‘अरब’ झाला, त्यावर नऊ. अर्बुद म्हणजे गाठ, सूज. वैद्यकात आजही तोच अर्थ आहे. ही गाठ दर मुक्कामाला दसपट सुजत आली! कारण माझ्या मते साधं आहे. हिंदी दोन-दोन घरांनी चालते. ‘दस करोड’ म्हटल्यावर आठ शून्यांना वेगळं नाव कशाला? रिकामा झालेला अर्बुद नवव्या घरात सरकला. ‘दस अरब’ने खर्वालाही तसंच अकराव्यात ढकललं. ‘आपली प्राचीन गणना एकच, अढळ’ असं सांगणाऱ्या पंडितांनी ही तीन अर्बुदं एका रांगेत मांडून दाखवावीत. आणि अरब हा शब्द अरबस्तानातून आला म्हणणाऱ्यांनी आधी अबूच्या पहाडाचं जुनं नाव बघावं: अर्बुदाचल. तोही अरबस्तानातून आला काय?

ठेंगूपणाचं राहिलंच. ‘खर्वं स्थूलतनुं’ हे गणपतीचं ध्यान पाठ असणाऱ्याला अर्थ सांगायला नको. पण खर्व हे कुबेराच्या नवनिधींतल्या एका निधीचंही नाव आहे. त्याच यादीत महापद्म, पद्म, शंख, नील आहेत, आणि हिंदीत खरबापुढे नील, पद्म, शंख येतात. अब्ज म्हणजे तरी कमळच. माझा तर्क असा की मोठ्या संख्यांची ही नावं गणित्यांनी खजिन्यातून उचलली. त्या खजिन्याचा मालक कुबेर मूर्तींमध्ये बुटका आणि ढेरपोट्याच असतो.