शिंपले मोजून पोट भरेल का?

नमस्कार ताई,

प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली तुमची मुलगी समुद्रातल्या परक्या, आक्रमक प्रजातींवर संशोधन करायचं म्हणते. ‘आयुष्यभर शिंपले मोजून पोट भरेल का? शिवाय तिला पोहता येत नाही,’ असं तुम्ही लिहिलंत.

पोहणं शिकून घ्यावं, पण त्यावाचून अडत नाही. यातला बराचसा वेळ ओहोटीच्या खडकांवर, सूक्ष्मदर्शकाखाली आणि त्याहून जास्त संगणकासमोर जातो.

शिंपले मोजण्याला मात्र हलकं समजू नका. १९९९ साली ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या गोद्यांमध्ये पाहणी करताना अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांवरचे काळ्या पट्ट्यांचे शिंपले सापडले. ते वेळीच ओळखले गेले, म्हणून गोद्या बंद करून, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद टाकून त्यांचा नायनाट करता आला. समुद्रात पसरलेला परका जीव असा परत काढता येणं फार दुर्मीळ.

काळ्या समुद्रात ते जमलं नाही. १९८०च्या दशकात, बहुधा जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखायला जहाजात भरून घेतलेल्या पाण्यातून, तिथे एक कोंब जेली (जेलीफिशसारखा दिसणारा पारदर्शक जीव) पोचली. माशांचं खाद्य आणि पिल्लं ती फस्त करू लागली, मासेमारी कोसळली. पुढे १९९७च्या सुमारास तिलाच खाणारी दुसरी कोंब जेली आली, तीही कुणी मुद्दाम न आणता, आणि पहिलीची संख्या घटली. पण ऱ्हासाला जेली किती जबाबदार आणि अतिमासेमारी किती, यावर शास्त्रज्ञांचे वाद झाले. असे वाद आकडेवारीशिवाय सुटत नाहीत. म्हणून माझा आग्रह डायव्हिंगच्या प्रमाणपत्राआधी संख्याशास्त्राचा आहे. सोबत खेकडे, शेवाळ, शिंपले यांपैकी एका गटाची पक्की ओळख हवी. पाण्यातल्या डीएनएवरून प्रजाती शोधता येतात हे खरं, पण तुलनेसाठी लागणारा नमुना आधी कुणीतरी अचूक ओळखलेला असावा लागतो. अशी माणसं कमी आहेत.

आता पोटाचं. पीएचडीला चार-सहा वर्षं, नंतर काही वर्षं कंत्राटी संशोधन, आणि कायमच्या जागा थोड्या. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मात्र बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१७मध्ये लागू झाल्यापासून जहाजांच्या पाण्याची तपासणी, बंदरांची पाहणी अशी विद्यापीठाबाहेरची कामंही आहेत.

या सुट्टीत तिला एखाद्या संशोधकाकडे नमुने निवडायला पाठवा. फॉर्मेलिनचा वास आणि तासन्‌तास तेच ते काम सोसून ती पुन्हा जायचं म्हणाली, तर पदव्युत्तर प्रवेशाचं आपण सविस्तर बोलू.