‘कळवू’ म्हणाले, त्याला सात आठवडे झाले

प्रश्न : मी दहा वर्षे हिशेबाच्या कामात आहे. अलीकडे एका कंपनीत मुलाखतीच्या चार फेऱ्या दिल्या. पहिल्या फेरीला मुलाखत घेणारे चाळीस मिनिटे उशिरा आले आणि माझा बायोडेटा त्यांनी माझ्यासमोरच पहिल्यांदा उघडला. पुढच्या दोन फेऱ्यांत तेच प्रश्न नव्या माणसांनी विचारले. शेवटी नमुन्यादाखल एका ताळेबंदाचे विश्लेषण करून मागितले, त्यात माझे दोन रविवार गेले. ‘आठवड्याभरात कळवू’ असे सांगितले होते, त्याला आता सात आठवडे झाले. दोन ई-मेलना उत्तर नाही आणि फोन केला की ‘प्रोसेस सुरू आहे’ एवढेच ऐकायला मिळते. माझे नेमके कुठे चुकले? पुन्हा विचारले तर मी उतावीळ ठरेन का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. दिलेली मुदत पाळली न गेल्यावर विचारणा करणे हा उतावीळपणा नव्हे. तिसरे पत्र अवश्य लिहा, मात्र त्यात ‘काही कळले का?’ असे मोघम विचारू नका. चौथी फेरी कोणत्या तारखेला झाली, विश्लेषण कधी पाठवले हे नमूद करून, ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास ही संधी माझ्यापुरती संपली असे मी समजेन’ असे शांतपणे लिहा. त्यानंतर चौथे पत्र लिहू नये.

‘माझे कुठे चुकले’ या प्रश्नापाशी मात्र थांबायला हवे, कारण मौनाचा अर्थ लावताना उमेदवार स्वतःलाच आरोपी करतो. बहुतेक ठिकाणी या मौनाचे कारण फार साधे असते. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिलेली असते, तो आपला नोटीस पीरियड आणि पगार यांवर घासाघीस करत असतो, आणि तो नाही म्हणाला तर हाताशी कोणी असावे म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना ना होकार कळवला जातो ना नकार. कधी पदासाठीचा खर्चच वरून रोखला जातो. कधी एचआरला वाटते की विभागप्रमुखांनी सांगितले असेल, विभागप्रमुख धरून चालतात की ते एचआरचे काम आहे, आणि नकार कळवण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते. यांपैकी आपल्या बाबतीत काय घडले हे मला सांगता येणार नाही, पण यांतल्या एकाही कारणाचा आपल्या लायकीशी संबंध नाही.

शिवाय, आपण वर्णन केलेली मुलाखत ही माणसाची पारख करण्याची फारशी विश्वासार्ह पद्धतही नव्हे. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरील जुन्या अभ्यासांची नव्याने छाननी केली, तेव्हा सर्व उमेदवारांना तेच प्रश्न ठरावीक निकषांवर विचारणाऱ्या मुलाखतीचा पुढील कामगिरीशी असलेला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सुमारे ०.४२ आढळला, तर सुचेल ते विचारणाऱ्या मुलाखतीचा अवघा ०.१९. बायोडेटा समोरच उघडणाऱ्याची मुलाखत कोणत्या गटात मोडते, हे वेगळे सांगायला नको.

हा अनुभव आपल्या एकटीचा नाही, याची दखल कायद्यानेही घेतली आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना, जाहिरात दिलेल्या पदासाठी मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळवणे बंधनकारक झाले आहे. आपले सात आठवडे म्हणजे ४९ दिवस होतात, म्हणजे तिथे ही मुदतही उलटून गेली असती.

पुढच्या मुलाखतीत दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. निर्णय साधारण कोणत्या तारखेला होईल, आणि त्या तारखेनंतर मी नेमके कोणाला विचारू? व्यक्तीचे नाव मिळाले की ‘प्रोसेस’च्या आड लपणे समोरच्याला थोडे अवघड जाते. नमुना-कामाबाबतही संकोच नको. तास-दोन तासांचे काम मागणे समजू शकते. दोन रविवार खाणारे काम आले, तर ‘यातील एक भाग करून देते, उरलेल्याची पद्धत प्रत्यक्ष भेटीत समजावते’ असे सांगावे. आपले विश्लेषण त्यांनी वापरले असेल का, ही शंका आपल्या पत्रात शब्दांत नसली तरी जाणवते. पुरावा नसताना तसा आरोप करू नये, पण यापुढे असे काम पाठवताना त्यावर आपले नाव, तारीख आणि ‘केवळ निवडप्रक्रियेसाठी’ ही ओळ जरूर घालावी.

आणि समजा, महिन्याभराने त्यांचा फोन आलाच, तर रागाच्या भरात नकार देऊ नका किंवा सुटल्यासारखे वाटून लगेच होकारही देऊ नका. रुजू झाल्यावर आपण थेट कोणाच्या हाताखाली काम करणार हे विचारा, त्या व्यक्तीशी अर्धा तास बोलण्याची मागणी करा, आणि एवढा विलंब का झाला हेही त्यांनाच विचारा. चाळीस मिनिटे उशिरा आलेले गृहस्थच ते असतील, तर ते आधी कळलेले बरे.