सोज्वळ प्रेमकथांची पहिली ओळ

प्रश्न : सोज्वळ इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांच्या मालिका मी आवडीने वाचते. शेवट गोड होणार हे ठाऊक असूनही पहिल्या वाक्यातच मी का गुंतते? – एक वाचक, सातारा

उत्तर : शेवट ठरलेला असतो, म्हणूनच सारी भिस्त सुरुवातीवर असते. लंडनमध्ये १९०८ साली स्थापन झालेली ‘मिल्स अँड बून’ ही संस्था आरंभी नाना प्रकारची पुस्तके काढत असे. १९३०च्या दशकात तिने प्रेमकथांवरच भर दिला. अशा कथेचे पहिले वाक्य बहुधा घडी विस्कटण्याच्या क्षणीच येते : गाडी चुकलेली असते किंवा नकोसा शेजारी दारात उभा असतो. जेन ऑस्टिनने १८१३ मध्ये ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या आरंभी, श्रीमंत अविवाहित पुरुषाला पत्नी हवीच असते, हे जगन्मान्य सत्य म्हणून सांगितले, त्यातली मिस्किली अशी की, खरी निकड आसपासच्या मुलींच्या घरच्यांना आहे, हे पुढच्याच परिच्छेदात उघड होते. (हवामानाच्या वर्णनाने सुरू होणारी पुस्तके मी मात्र सहसा मिटूनच ठेवतो.) मालिकेत आणखी एक सोय असते : पहिल्या भागातली धाकटी बहीण तिसऱ्या भागात नायिका होऊन येते, तेव्हा तिची नव्याने ओळख करून घ्यावी लागत नाही.