मराठी साहित्यातल्या पात्रांना अंपायरने चुकीचं आउट दिलं, तर ती काय करतील?

प्रश्न वाचून बरं वाटलं. मी वीसेक वर्षं ऑफिसच्या आणि सोसायट्यांच्या टेनिस बॉल स्पर्धांत अंपायरिंग करतोय, म्हणजे चुकीचं आउट देण्याचा अनुभव दांडगा आहे.

प्रसंग सगळ्यांना एकच देऊ, म्हणजे अन्यायात तरी पंक्तिप्रपंच नको. डिसेंबर १९९९, ॲडलेड. भारतापुढे ३९६ धावांचं लक्ष्य, कर्णधार सचिन अजून शून्यावर. मॅकग्राचा आखूड चेंडू उसळेल म्हणून तो खाली वाकला, चेंडू उसळलाच नाही, खांद्यापाशी येऊन लागला आणि डॅरिल हार्पर यांनी बोट वर केलं. पायचीत! सचिन मुकाट्याने गेला. आता त्याच्या जागी आपली माणसं उभी करा.

फास्टर फेणे वाद घालणार नाही. जिभेचा तो त्याचा प्रसिद्ध 'टॉक्क' काढेल, हेल्मेट काढून सायकल शोधेल आणि चहापानापर्यंत पंच काल रात्री कुठे जेवले इथपर्यंत छडा लावेल. त्याची अडचण एवढीच, की साध्या चुकीतही त्याला कट दिसणार. पंचांच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं, इतकंच निघालं तर बिचाऱ्याचा विरस होईल.

हरितात्यांना मात्र डीआरएस, म्हणजे पंचांचा निर्णय तिसऱ्या पंचांकडून रिप्लेवर तपासून घ्यायची सोय, मनापासून आवडलं असतं. सगळं पुराव्याने शाबित करायची सवय असलेला माणूस तो. फक्त तिसऱ्या पंचांचा निकाल येईपर्यंत तात्या चेंडूचा मार्ग सोडून पावनखिंडीच्या मार्गाला लागले असते आणि ऑस्ट्रेलियाचे अकरा जण खेळपट्टीवर मांडी घालून ऐकत बसले असते.

नारायणाला आपण आउट झालोय हे कळणारच नाही. जेवणाच्या पानांचं काय झालं ते बघायला त्याला तसंही तंबूत जायचंच होतं.

अंतू बर्वा खेळायला उतरणारच नाहीत. सीमारेषेबाहेर बसून पंचांवर एकच वाक्य बोलतील, आणि ते हार्परसाहेबांना जन्मभर पुरेल. ते वाक्य इथे रचायचा मोह मी आवरतोय. ते लिहू शकणारा माणूस, म्हणजे पु. ल., या कसोटीनंतर सहा महिन्यांनी गेला.

माझं खरं लक्ष आहे चिमणरावांवर. त्यांना फलंदाज करण्यात काही मजा नाही, आउट दिलं तर ते पंचांचीच माफी मागून निघतील. त्यांना पंच करा आणि गुंड्याभाऊला फलंदाजीला पाठवा. चेंडू गुंड्याभाऊच्या खांद्याला लागतो, गोलंदाज बोंब ठोकतो आणि नेमकी त्याच क्षणी चिमणरावांची टोपी डोळ्यांवर येते. ती सारखी करायला हात वर जातो, हाताचं एक बोट जरा पुढे असतं, आणि समोरचे अकरा जण एकमेकांच्या गळ्यात पडतात. आता 'अहो, मी टोपी सारखी करत होतो' असं त्या घोळक्याला सांगायचं कोणी? चिमणराव विचार करतात की बोट आता खाली घेतलं तर बरं दिसणार नाही, म्हणून ते तसंच वर ठेवतात. घरी गेल्यावर मात्र आपण किती निःपक्षपातीपणे मावसभावालाही बाद दिलं, हे बायकोला, काऊला, तपशीलवार ऐकवतात.

आणि गुंड्याभाऊ? तो स्टंपांना लाथ मारणार नाही. ते काम वेस्ट इंडीजच्या मायकेल होल्डिंगने फेब्रुवारी १९८० मध्ये न्यूझीलंडात ड्युनेडिनला करून ठेवलंय. गुंड्याभाऊ एक शब्द न बोलता चिमणरावांना दंडाला धरेल आणि पंचांसकट मैदानाबाहेर चालू लागेल.

हे अगदीच अतिरंजित वाटत असेल, तर १९८१ ची मेलबर्न कसोटी आठवा. गावसकर ७० वर होते. ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी पायचीत दिलं, गावसकरांच्या मते आधी बॅट लागली होती. जाताना त्यांनी ८५ वर खेळणाऱ्या चेतन चौहानला बरोबर घेतलं. आपण लिलीच्या बोलण्याने भडकलो, असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि झाल्या प्रकाराबद्दल खंतही व्यक्त केली. सीमारेषेवर आपले व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी उभे होते म्हणून बरं. त्यांनी चौहानला मागे पाठवलं, सामना वाचला. पुढे १४३ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलिया ८३ वर गुंडाळली गेली, कपिलने जायबंदी मांडीनिशी २८ धावांत ५ बळी घेतले. दुराणी जागेवर नसते तर हे काहीच झालं नसतं. प्रत्येक गुंड्याभाऊच्या वाटेत एक दुराणी लागतो.

पण चिमणरावांचं वर राहिलेलं बोट माझ्या डोक्यातून जात नाही, कारण अंपायरची खरी गोची तीच आहे. चूक कळते लगेच. खेळाडू आरडाओरडा करतात त्याचं काही वाटत नाही. बोट खाली कसं घ्यायचं, हे कोणी शिकवलेलं नसतं. होल्डिंगने लाथ मारली त्याच महिन्यात वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी होती. इंग्लंड ५ बाद ५८, आणि बॉब टेलरला यष्टिरक्षकाकडे झेल म्हणून बाद दिलं गेलं. आपल्या कर्णधार विश्वनाथला बॅट लागली नसल्याची खात्री वाटली, त्याने टेलरला परत बोलावलं. टेलरने ४३ केल्या, बोथमबरोबर १७१ धावांची भागी झाली आणि आपण दहा गडी राखून हरलो. हे कुठल्या पात्राच्या नावावर टाकावं म्हणून मी बराच वेळ आठवत बसलो. सापडलं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी चिमणरावच. गेल्या वर्षी एका ऑफिसच्या स्पर्धेत मी एका मुलाला मागे झेल दिला. टेनिस बॉल, बारीक 'टप्' असा आवाज आला, अपील जोरदार झालं, बोट गेलं वर. मुलगा निघाला. तेवढ्यात विकेटकीपरच जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, पँटला लागला होता हो." मुलगा अजून तंबूत पोचला नव्हता. हाक मारायला भरपूर वेळ होता. मी घड्याळात बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, "चला, पुढचा बॅट्समन लवकर!"

सामना संपल्यावर स्टंप गोळा करायला नेमका तोच मुलगा मदतीला आला. बॅगेची चेन लावता लावता म्हणाला, "पँट होती काका." मी म्हटलं, "माहितीये." मग आम्ही टपरीवर चहा घेतला. पैसे मी काढत होतो तर त्याने मला देऊ दिले नाहीत. त्याचा मला घरी येईपर्यंत राग येत होता.