देवाशी वैयक्तिक नातं कसं जोपासावं? माझी प्रार्थना म्हणजे नुसती मागण्यांची यादी झाली आहे

तुम्ही लिहिलंय की चर्च चुकत नाही, झोपताना प्रार्थनाही होते, पण ती पाच मिनिटांत आटोपते, शब्द रोज तेच असतात आणि पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटत नाही. मला यात श्रद्धेपेक्षा क्रमाची अडचण जास्त दिसते. दर वेळी बोलायला सुरुवात तुम्हीच करता. एकच जण बोलत राहिला की विषय संपतात आणि हातात यादी उरते. म्हणून क्रम उलटा करून बघा. आधी वचन वाचायचं, मग त्या वचनाला उत्तर म्हणून प्रार्थना करायची.

वाचायला थोडंच घ्या. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत. ते वर्षात संपवायचं तर रोज तीनाहून जास्त अध्याय होतात. अशी योजना जानेवारीत जोरात सुरू होते आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या नियमांपाशी येऊन अडते. सगळं बायबल एकदा वाचावंच, पण ते काम वेगळं. तुमच्या प्रश्नासाठी मी मार्ककृत शुभवर्तमान सुचवेन. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, 16 अध्यायांचं. रोज दहा-बारा वचनं घेतलीत तरी दोन महिने पुरेल.

वेळ 15 ते 20 मिनिटं. पहाटच हवी असं काही नाही. येशू पहाटे एकांतात गेल्याचं मार्क 1:35 मध्ये आहे, तसं रात्रभर प्रार्थनेत राहिल्याचं लूक 6:12 मध्ये आहे. जागा आणि वेळ मात्र ठरवून टाका, म्हणजे रोज निर्णय घ्यावा लागत नाही. बायबल छापील घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोनवर वाचायला बसलं की तिसऱ्या वचनाला कुणाचा तरी मेसेज येतो.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका उताऱ्यावर दाखवतो. मार्क 10:46-52, यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तीमय. आधी दोन मिनिटं नुसतं बसा, श्वास संथ होऊ द्या. मग सातही वचनं मोठ्यानं वाचा, थांबा, पुन्हा वाचा. दुसऱ्या वाचनात एखादी जागा मनाला टोचते किंवा ओढते. ती धरा, बाकीचं सोडा. समजा, तुम्ही येशूच्या प्रश्नापाशी अडखळलात: मी तुझ्यासाठी काय करावं? आंधळ्या माणसाला हे विचारायचं तरी कशाला, असं वाटतंच. मग थोडं मागे जा. याच अध्यायात, 36व्या वचनात, येशूनं हाच प्रश्न याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांनाही विचारलाय. त्यांनी मागितल्या येशूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या मानाच्या जागा. बार्तीमयानं मागितली दृष्टी, आणि ती मिळाल्यावर तो त्याच वाटेनं येशूच्या मागे निघाला. आता तो प्रश्न तुम्हाला विचारलाय असं समजून उत्तर द्या, आणि खरं द्या. खरं उत्तर 'मला बढती हवी' असेल तर तेच बोला. त्याच्यापुढे याकोब-योहान बनून उभं राहणं मुखवटा घालून उभं राहण्यापेक्षा बरं. त्यांना येशूनं हाकलून दिलं नाही, समजावलं. शेवटची दोन-तीन मिनिटं काहीच मागू नका, बोलूही नका.

वाचन, मनन, प्रार्थना, स्तब्धता ही वाट जुनी आहे. 12व्या शतकात ग्विगो नावाच्या, कार्थुसियन या एकांतवासी संघातल्या संन्याशानं तिच्या चार पायऱ्या मांडल्या. तिला लेक्सिओ दिव्हिना म्हणतात. प्रोटेस्टंटांनाही ती चालण्यासारखी आहे, त्यात वचनाबाहेरचं काही नाही.

वही ठेवणार असाल तर रोज तारीख, वचन आणि एकच वाक्य लिहा. पानभर लिहायला लागलं की माणूस हळूहळू वाचकांसाठी लिहू लागतो, वाचक कोणी नसला तरी.

मागण्यांची यादी टाकून द्यायची गरज नाही. तिला जागा फक्त शेवटी द्या. वीस-पंचवीस नावं असतील तर आठवड्यावर वाटा, रोज तीन-चार. मग 'सगळ्यांचं भलं कर' इथे न थांबता एकेकासाठी नेमकं मागता येतं.

मनात राग किंवा तक्रार असेल तर ती गाळून गोड प्रार्थना करू नका. नातं कोरडं पडायचं हे मोठं कारण आहे आणि भक्त लोकांतच ते जास्त दिसतं. स्तोत्र 13 उघडा. सहाच वचनं, आणि पहिल्या दोनांत 'कोठवर?' असं चार वेळा विचारलंय. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. हे शब्द पवित्र शास्त्रात आहेत, म्हणजे ते देवापुढे म्हणायची मुभा आहे.

काही आठवडे चांगले जातील, मग एक दिवस काहीच जाणवणार नाही. तेव्हा आधी साध्या गोष्टी तपासा. झोप होते का? 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली आडवा होतो, तेव्हा दूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. देवाची मंद वाणी त्याला ऐकू येते ती त्यानंतर कितीतरी दिवसांनी. दुसरं, कुणाशी भांडण अर्धवट राहिलंय का? मत्तय 5:23-24 प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायचा असतो. तिसरं, एखादं पाप टाळत आहात का? 'माझी पापं क्षमा कर' असं मोघम म्हणून भार उतरत नाही. काय केलं ते नावानिशी कबूल करा, एकदाच. पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो, असं 1 योहान 1:9 मध्ये आहे; तेच पाप रोज नव्यानं कबूल करत बसणं म्हणजे त्यावर विश्वास न ठेवणं. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांकडेही जा.

कधी कधी यातलं एकही कारण सापडत नाही. तशा वेळी येशू संघाचा (जेझुइटांचा) संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा नियम कामाचा आहे: कोरड्या काळात आधीचा चांगला निश्चय बदलू नये. 15 मिनिटं ठरलेली असतील तर 15च बसा, फार तर 16. भावना हे मोजमाप धरलं की माणूस देवाऐवजी भावनेच्या मागे लागतो.

'देवानं मला सांगितलं' याबाबत जपून राहा. मनात आलेला विचार वचनाशी जुळतो का, एखाद्या प्रौढ विश्वासणाऱ्याला पटतो का, दोन-चार आठवड्यांनीही टिकतो का, हे पाहिल्याशिवाय त्यावर नोकरी सोडू नका की लग्न ठरवू नका. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल 'देव म्हणाला' असं सांगत फिरणं तर टाळाच.

शिवाय वैयक्तिक म्हणजे एकट्यानंच करायचं असं नाही. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत 'मी' हा शब्दच नाही, 'आमच्या पित्या' अशी सुरुवात आहे. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन तर आहेच, त्याशिवाय एक माणूस निवडा. पंधरा दिवसांतून एकदा तासभर बसून तो तुम्हाला 'काय वाचलंस, कुठे अडलास' हे विचारील असा. पाळकच हवेत असं नाही, पोटात गोष्ट ठेवणारा हवा.

मधे चार दिवस चुकले तर चार दिवसांचं वाचन भरून काढू नका. त्या भरपाईच्या ओझ्यानंच पाचवा दिवसही जातो. खूण जिथे असेल तिथून पुढची दहा वचनं वाचा.