वाचकांचे प्रश्न : एक पडदा आणि चाळीस विद्यार्थी

प्रश्न : आमच्या शाळेत एकच संगणक आणि एकच प्रोजेक्टर आहे. नववीच्या चाळीस मुलांना विज्ञानाची सिम्युलेशन्स (संगणकावरचे आभासी प्रयोग) दाखवली की मुले रमतात, पण तास संपल्यावर त्यांच्या हाती फारसे काही लागलेले नसते. एका सामायिक पडद्यावर मुलांना स्वतः शोध घेता येईल का? इंटरनेटचाही भरवसा नसतो.
– एक विज्ञान शिक्षिका

उत्तर : येईल, पण त्यासाठी माउस आधी आपल्या हातून सुटायला हवा. शिक्षक एकेक बटण दाबून पुढे काय होते ते सांगत राहिले, तर सिम्युलेशनचा केवळ माहितीपट होतो.

दोलकाचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पात दोलकाचे एक सिम्युलेशन विनामूल्य मिळते. त्यात दोरीची लांबी, गोळ्याचे वस्तुमान, गुरुत्व आणि घर्षण बदलता येते व एका आंदोलनाचा काळ मोजता येतो. पडद्यावर लांबी एक मीटर ठेवा आणि गोळा थोड्याच कोनातून सोडायला सांगा. एका आंदोलनाचा हा काळ, म्हणजे दोलनकाल, सुमारे 2 सेकंद येईल. आता लांबी निम्मी केली तर काळ किती होईल, हे प्रत्येकाने वहीत लिहावे आणि शेजाऱ्याला त्यामागचे कारण सांगावे. तोवर संगणकाला कोणी हात लावू नये. बहुतेक वह्यांत 'एक सेकंद' असेल. मग एका विद्यार्थ्याने पुढे येऊन मोजावे : उत्तर साधारण 1.4 सेकंद येते. खरा तास येथे सुरू होतो. एक सेकंद हवा असेल तर दोरी किती ठेवावी, हा प्रश्न आता मुलेच विचारतात, आणि दोन-तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर कोणीतरी पाव मीटरवर पोहोचते. या वेळी सूत्र सांगण्याचा मोह आवरावा; ते दुसऱ्या दिवशी सांगितले तरी चालते.

वस्तुमानाच्या प्रश्नासाठी पडद्यावर दोन दोलक शेजारी घेता येतात. घर्षण शून्यावर ठेवून, समान लांबीचे पण हलके-जड गोळे एकाच कोनातून सोडले की ते जोडीने झुलतात आणि 'जड गोळा लवकर येईल' म्हणणारा गट गप्प होतो. एखादे चौकस मूल गोळा पार 90 अंशांवरून सोडेल, तर त्याला थांबवू नये. एक मीटरच्या दोलकाचा काळ तेथे सुमारे 2.4 सेकंदांपर्यंत वाढतो, म्हणजे दोलनकाल आयामावर (गोळा मधल्या स्थितीपासून किती दूर झुलतो त्यावर) अवलंबून नसतो हे पुस्तकातील विधान लहान कोनांपुरतेच खरे आहे. अशा वेळी 'ते अभ्यासक्रमात नाही' हे उत्तर देणे मला तरी अन्यायाचे वाटते.

चाळीस जणांसाठी चार-पाच जणांचे गट करावेत. प्रत्येक गटाने तपासण्याजोगा एक प्रश्न लिहून द्यावा आणि माउस पाळीपाळीने गटांकडे जावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम फळ्यावर लिहून ठेवावा, कारण मुलांचा गोंधळ बहुधा तेथेच होतो.

मात्र पडद्यावरचा दोलक त्याला शिकवलेल्या समीकरणांप्रमाणेच झुलतो, हे मुलांना कळायला हवे. म्हणून त्याच तासाला दोऱ्याला लोखंडी नट बांधून, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा आंदोलनांचा काळ मोजून त्याला दहाने भागावे. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. ते का जुळले नाहीत, यावर झालेली चर्चा पडद्यावरच्या प्रयोगाहून कमी मोलाची नसते.

इंटरनेटचा प्रश्न सोपा आहे. या प्रकल्पातील नवी सिम्युलेशन्स फाइल म्हणून उतरवून घेता येतात आणि ती नेहमीच्या ब्राउझरमध्ये जोडणीशिवाय चालतात. अनेकांची मराठी आवृत्तीही मिळते. चांगले नेटवर्क मिळेल तेथे ती पेनड्राइव्हवर घ्यावीत आणि तासाच्या आदल्या दिवशी शाळेच्याच संगणकावर उघडून पाहावीत, कारण जुन्या ब्राउझरवर काही वेळा ती चालत नाहीत.